निवट्या पास झाल्या

दिनानाथला आपल्या बी.एस्सी.चा भारी अभिमान. पेणला मावशीकडे राहून मिळवलेली ती पदवी तो रोह्याच्या कारखान्यात अशी मिरवायचा, की जणू गावातल्या दुसऱ्या कुणी शाळेचं तोंडच पाहिलेलं नाही. त्याची प्रयोगशाळा म्हणजे एक ओटा, एक नळ आणि काचेच्या बरण्या.

कारखान्यात पेट्रोलियमपासून काढलेलं सॉल्व्हंट, म्हणजे रंगबिंग पातळ करायचं द्रव्य, पिंपांत भरायचे. सत्त्याण्णव साली परदेशी गिऱ्हाइकाने विचारलं, तुमचा माल पाण्यातल्या जिवांना घातक आहे का, आणि धोक्याच्या कोणत्या वर्गात बसतो? आता एका पिंपात शेकडो द्रव्यांची खिचडी. काही उडून जातं, काही पाण्यात उतरतं, काही वर तरंगतं. मारणारं नेमकं कोणतं, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता येणार नाही. म्हणून अख्खा मालच पाण्यात ढवळायचा, निवळू द्यायचा, तवंग सोडून खालचं पाणी काढायचं आणि त्यात मासे जगतात का ते बघायचं.

दिनानाथचं घर रोह्याच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी. त्याची आई कृष्णाबाई ओहोटीला चिखलात उतरून निवट्या धरायची आणि बाजारात विकायची. चिखलावर टुणटुण उड्या मारणारा, बटबटीत डोळ्यांचा हा मासा. घरात फुकट मासे असताना विकत कशाला आणायचे? दिनानाथने आईच्या टोपलीतल्या मूठभर निवट्या नेऊन अर्ध्या भरलेल्या, उघड्या बरण्यांतल्या त्या पाण्यात सोडल्या. चार दिवसांनी सगळ्या ठणठणीत. त्याने ऐटीत शेरा मारला, जलचरांना धोका नाही.

मॅनेजर हैबतराव खूश झाले. "मग पिंपं धुतलेलं पाणी टाकीत साठवायचं कशाला? सोमवारी दुपारपासून नाल्यात सोडू. आणि तुझं पर्मनंटचं बघतो." नाला पुढे खाडीलाच मिळायचा. पण दिनानाथला त्यातलं फक्त 'पर्मनंट' ऐकू आलं.

सोमवारी सकाळी तो आत शिरला, तर खुर्चीत एक निवटी बसलेली. बाकीच्या सगळ्या बरण्यांच्या काचेला चिकटून, पाण्याच्या वर तोंड काढून, मजेत त्याच्याकडे बघत होत्या.  लहानपणापासून त्याने ढिगाने निवट्या धरल्या होत्या, त्या सगळ्या चिखलावर. वरची हवा खाऊन जगणाऱ्या माशाला त्याने पाण्याच्या परीक्षेला बसवलं होतं! खाडीतल्या शेंबड्या पोराने केली नसती ती चूक खाडीतल्या बी.एस्सी.ने केली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

तो जेवणाचा डबा रिकामा करून कारखान्यामागच्या तळ्यावर धावला आणि बारके मासे धरून आणले. काही साध्या पाण्यात सोडले, काही बाटलीत बूच लावून ठेवलेल्या परीक्षेच्या पाण्यात. या खेपेला बरण्या काठोकाठ भरल्या आणि झाकणं घट्ट लावली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत साध्या पाण्यातले पळत होते आणि दुसरे पोटं वर करून तरंगत होते.

तो तसाच हैबतरावांकडे गेला. "साहेब, पाणी सोडू नका. माल घातक हाय."

"पहिल्या शेऱ्याखाली सही कुणाची?"

"माझीच."

"आता फिरवलास तर लोक हसतील. पर्मनंटचंही विसर."

 तरी दिनानाथ म्हणाला, "हसतील त्यांचे दात दिसतील, साहेब. पण पाणी नको."

 हैबतरावांनी पाणी टाकीतच ठेवायला सांगितलं आणि दिनानाथचा पर्मनंटचा कागद खणात टाकला.

संध्याकाळी आईने विचारलं, "झालास का रे पर्मनंट?"

"नाय गो आये." त्याने सगळं सांगितलं. कृष्णाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "निवटीला बुडवाया निघाला माजा बॅरिस्टर!" सकाळपर्यंत गावभर झालं.

ओहोटी लागली तशी ती टोपली घेऊन निघाली. दिनानाथ बांधावर उभा राहिला. आई गुडघाभर चिखलात उतरली, वाकली आणि तोंडावर उडालेलं खाडीचं पाणी तिने पदराने पुसलं. नाल्यात सोडलेलं पाणी इथेच आलं असतं. दिनानाथला खरी भीती वाटली ती तेव्हा.