आमच्या बेसबॉल टीममधल्या लेफ्टीचं नाव

मंडळी, आज दुपारी बदलापूरची एक कॉलेजातली मुलगी घरी आली होती. ती अंबरनाथच्या आमच्या कारखान्याच्या बेसबॉल टीमचा इतिहास लिहितेय. ऐंशी-नव्वदच्या दशकात खेळाडू म्हणूनच आम्हाला तिथे नोकऱ्या मिळाल्या होत्या. पुढे कारखाना बंद पडला आणि टीमही मोडली.

मी नऊ जणांचा जुना फोटो काढला. माझ्यासकट आठ नावं पटापट सांगितली.

"काका, आणि हे कडेचे?"

"लेफ्टी."

"पण खरं नाव?"

मी ते कधी विचारलंच नव्हतं. जवळच्या कॅम्प दोन वस्तीत राहायचा, डावखुरा होता. एका मॅचमध्ये माझं बोट मोडलं, तेव्हा यानेच मला दवाखान्यात नेलं आणि प्लास्टर होईपर्यंत बाहेर बसून राहिला.

"मग टीममधल्या दुसऱ्या कोणाला विचारू या ना."

बाकीचे सातही जण आता नाहीत, हे मी तिला सांगितलं.

ती गेल्यापासून मी एकटाच फोटो घेऊन बसलोय.

तुमच्यापैकी कोणाचे बाबा किंवा काका अंबरनाथला डाव्या हाताने बेसबॉल खेळायचे का? नाव कळवा. आणि ते अजून असतील, तर मी आजच भेटायला येतो.