पोटाला बांधलेला संबळ

चिमाजी गोंधळ्याला ऐकू येत नाही, ही गोष्ट कंपनीच्या हॅमर शॉपबाहेर दोनच माणसांना ठाऊक होती. एक त्याची बायको गोजाबाई आणि दुसरा चिंचवड स्टेशनजवळचा डॉक्टर. डॉक्टरने कानात दिवा घालून पाहिलं, घड्याळ कानाशी धरलं आणि मग समोर बसून, ओठ नीट दिसतील असं, सांगितलं, "बारीक आवाज गेलेत. जाड थोडे शिल्लक आहेत. त्या घणाच्या आवाजातून वर्षभरात बाहेर पडलास तर हे उरलेलं टिकेल. नाही पडलास तर हेही जाईल."

चिमाजी परांड्याकडचा. गोंधळ घालणं हे त्याच्या घराण्याचं काम, आणि संबळ बापाच्या कंबरेवरून थेट त्याच्या कंबरेवर आलेला. गावाकडे पोट भरेना म्हणून तो सहासष्ट साली पिंपरीला आला, फोर्जिंगच्या कारखान्यात लागला आणि बारा वर्षं भट्टीतला लाल लोखंडाचा तुकडा सांडशीत धरून हॅमरखाली उभा राहिला. दोन टनांचा घाव हातभर अंतरावर, दिवसाला हजार वेळा. कानाचं काय होणार? कंपनीने पायांना बूट, हातांना हातमोजे दिले होते, कानांना काही दिलं नव्हतं.

आधी तुणतुणं गेलं. एका लग्नातल्या गोंधळात त्याचा चुलतभाऊ शेजारी उभा राहून तुणतुणं वाजवत होता. चिमाजीला त्याचं बोट हलताना दिसत होतं आणि आवाज मात्र येत नव्हता. त्या दिवशी त्याच्या पायाखालची जमीन सरकली. पण वाजवणं थांबलं नाही, कारण संबळ काही तो कानाने ऐकत नव्हता. संबळाची जोडी कंबरेला फडक्याने आवळून बांधलेली असते. मोठ्या भांड्यावर काठी पडली की तिचा ठोका बेंबीपर्यंत जातो. चिमाजी पोटाने ऐकायचा. बरोबरचे पुढे गेले की मागे राहिले, ते त्यांच्या पायांकडे बघून ओळखायचा. असं करत त्याने तीन वर्षं ढकलली आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या खंडेनवमीला हॅमर शॉपमध्ये यंत्रांची पूजा झाली. झेंडूच्या माळा घातलेल्या हॅमरपुढे चिमाजीने दरवर्षीसारखा संबळ वाजवला, आणि ते नंदकिशोर साहेबांनी ऐकलं. नंदकिशोर डिझाइनमधले इंजिनिअर. कंपनीने त्यांना वर्षभर जर्मनीला शिकायला पाठवलं होतं. ते येताना सोबत एक इलेक्ट्रिक गिटार आणि डोक्यात नवं खूळ घेऊन आले. तिकडे म्हणे आफ्रिकेचे ढोल आणि गिटार एका स्टेजवर येतात, कुठल्या कुठल्या देशांची गाणी एकमेकांत मिसळतात, आणि लोक तिकीट काढून ऐकायला बसतात. मग आपला संबळ का नको?

"चिमाजी, माझ्याबरोबर वाजवशील?" त्यांनी विचारलं. आवाज भारदस्त आणि माणूस समोरच, म्हणून चिमाजीला कळलं.

"वाजवीन की साहेब."

मग दर रविवारी निगडीला प्राधिकरणातल्या त्यांच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये तालीम होऊ लागली. साहेबांची गिटार, त्यांच्या बायकोचा, पद्मजाबाईंचा, अकॉर्डियन, आणि चिमाजीचा संबळ. पद्मजाबाई चहा घरातल्याच कपातून द्यायच्या, ही गोष्ट चिमाजीने गोजाबाईला तीनदा सांगितली. सुरुवातीला साहेबांना चिमाजीची लय पकडता येईना. गोंधळाची लय सरळ चालत नाही, मधेच झुकते, मधेच धावते. साहेब वहीत आकडे लिहायचे आणि खोडायचे. एके दिवशी त्यांनी वही फेकली, बुटाने जमिनीवर ठोका धरला आणि गिटार त्या झुकण्याच्या मागे सोडून दिली. ते असं काही जमलं, की पद्मजाबाई वाजवायच्या थांबून ऐकत राहिल्या. चिमाजीला गिटारचा एकही सूर ऐकू आला नव्हता. पण त्याला साहेबांचा बूट दिसत होता, पोटात ठोका लागत होता आणि दोघांचे चेहरे उजळलेले दिसत होते. बापानंतर इतकं सुख त्याला कोणी दिलं नव्हतं.

जानेवारीत जर्मनीहून पाहुणे यायचे होते. मैदानावर मांडव घालून कंपनीचा समारंभ होणार होता, आणि त्यात दहा मिनिटं नंदकिशोर साहेबांच्या वाद्यमेळाला मिळाली. शेवटच्या तालमीला साहेब म्हणाले, "मोठे साहेब खूश झाले तर मी तुला स्टोअरमध्ये मागून घेतो. भट्टीवर किती दिवस भाजून घेणार? सांग, येशील?"

डॉक्टरने दिलेल्या वर्षातले पाच महिने गेले होते. स्टोअर म्हणजे शांत खोली, नट-बोल्टांची कपाटं. त्याचे उरलेले कान त्या खोलीत वाचणार होते. खरं तर तेव्हाच सगळं सांगून टाकायचं. पण बहिऱ्या वाजवणाऱ्याला स्टेजवर कोण उभं करील? तो नुसतं "येईन साहेब" म्हणाला, आणि तिथेच घोडचूक झाली.

समारंभाच्या संध्याकाळी तो पिवळा फेटा बांधून, कवड्यांची माळ घालून मांडवात गेला, तेव्हा पुण्याहून आलेला माइकवाला स्टेजवर एक लोखंडी तिवई उभी करत होता. संबळ म्हणे कंबरेला नको. माणूस हलतो, माइकला धक्का बसतो, आवाज फाटतो. संबळ तिवईवर, खाली स्पंजाची गादी, आणि माणूस मागे उभा.

"साहेब, कंबरेलाच ऱ्हाऊ द्या," चिमाजी म्हणाला. "कंबरेबिगर मला न्हाई जमायचं."

"अरे, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे," साहेब घाईत होते. "हात तुझेच, काठ्या तुझ्याच. आणि पाहुण्यांना शेवटपर्यंत ऐकू जायला नको?"

चिमाजीने स्टेजवर नजर टाकली. साहेबांच्या पायांपुढे आवाजाची भली मोठी पेटी ठेवलेली. बूटही झाकला गेला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने साहेबांची बाही धरली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पुढच्या रांगेत पाहुणे येऊन बसले. साहेबांनी हसून त्याच्या खांद्यावर थाप मारली.

सुरुवात त्याच्या एकट्याच्या वाजवण्याने होती. हातांना चाळीस वर्षांची सवय होती, त्यांनी दगा दिला नाही. दोन हजार माणसं टाळ्या वाजवताना दिसली. हॅमर शॉपची सगळी पलटण मागे बाकांवर चढून नाचत होती. मग गिटार सुरू झाली असावी, कारण साहेबांची बोटं हलू लागली. चिमाजीने पोटात ठोका शोधला. पोट रिकामं होतं. स्पंजाने सगळं गिळलं होतं. आपण वाजवतोय की नुसत्या काठ्या हलवतोय, हेही त्याला कळेना. म्हणून त्याने जोर वाढवला. घाबरलेला माणूस दुसरं काय करणार?

मधे एक जागा अशी होती, की संबळ आणि गिटार दोन्ही थांबायचे आणि पद्मजाबाई एकट्या, अगदी हळू, देवीच्या आळवणीची चाल वाजवायच्या. त्या जागेवर सगळे थांबले. चिमाजी थांबला नाही. बूट दिसत नव्हता आणि तो आपला मान खाली घालून, जिवाच्या आकांताने बडवत होता. पद्मजाबाईंनी अकॉर्डियनचा भाता ओढला, पुन्हा मिटला. पाहुण्यांना वाटलं, असंच असेल. ते कौतुकाने हसले. मग मागचे लोक हसायला लागले, आणि ते हसणं कौतुकाचं नव्हतं. चिमाजीने वर पाहिलं तेव्हा नंदकिशोर साहेबांनी गिटार खाली ठेवली होती आणि त्यांनी पुढे येऊन त्याचं मनगट धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कंपनीत एकच बोलणं, गोंधळी पिऊन आला होता. साहेबांनी मान फिरवली. घरी चिमाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवेना. तिसऱ्या दिवशी गोजाबाईने त्याला हलवून समोर बसवलं आणि तोंडासमोर तोंड धरून म्हणाली, "आवं, लाज गेली ती गेली. आता कान बी घालवायचे हायेत का? जावा, साहेबांना खरं सांगा."

तो चालत निगडीला गेला. दारातच उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं: तुणतुणं, घड्याळ, पोट, बूट, तिवई. नंदकिशोर साहेब पायरीवर बसले. "मला आधी का नाही रे सांगितलंस?" असं त्यांनी दोनदा म्हटलं. मग उठले. माणूस भला होता. म्हणाले, "उद्या कंपनीच्या डॉक्टरकडून कार्डावर लिहून आण, कान अधू आहेत म्हणून. बाहेरची चिठ्ठी इथे चालत नाही. कार्डावर आलं, की त्याच दिवशी मी तुला स्टोअरमध्ये घेतो."

चिमाजी घरी आला तेव्हा त्याचे डोळे भरून वाहत होते. गोजाबाईने चाळीतल्या पोरांच्या हातावर साखर ठेवली.

आता हॅमर शॉपची एक गोष्ट सांगायला हवी. तिथली चाळीसच्या चाळीस माणसं कमी-जास्त बहिरी होती. मागे एकाच्या कार्डावर डॉक्टरने 'अनफिट' लिहिलं आणि महिन्याभरात त्याच्या हातात नारळ आला. तेव्हापासून सगळ्यांनी एक युक्ती काढली. कंपनीचा डॉक्टर कामगाराला पाठमोरा उभा करायचा आणि मागून हळू आवाजात चार प्रश्न विचारायचा: नाव, गाव, तिकीट नंबर, मुलं किती. वर्षानुवर्षं तेच चार, त्याच क्रमाने. समोर औषधांचं काचेचं कपाट होतं, आणि त्या काचेत डॉक्टरचे ओठ दिसायचे. ओठ हलले, की पुढचं उत्तर द्यायचं. नवा माणूस भट्टीवर आला, की सांडशी धरायला शिकवायच्या आधी त्याला हा क्रम शिकवत. दरवर्षी चाळीस कार्डांवर 'श्रवण उत्तम' असा शेरा पडायचा आणि डॉक्टरच्या तोंडावर हसू यायचं.

त्या संध्याकाळी मारुतराव चिमाजीच्या दारात आला. मारुतराव हॅमर चालवायचा. त्याच्या एका बोटाच्या खुणेवर चिमाजीचा जीव बारा वर्षं सांभाळला गेला होता. तो मावळातला, हाडापेराने दांडगा आणि ठार बहिरा. त्याच्यामागे आणखी पाचसहा जण उभे होते.

"साखर वाटलीस म्हनं," मारुतराव म्हणाला. बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं.

चिमाजीने सगळं सांगितलं, थोडं तोंडाने, थोडं हातांनी. मारुतराव ऐकत, म्हणजे बघत राहिला.

"चिमाजी, धा म्हैन्यामागं तुजं कार्ड उत्तम हुतं. आता डाक्टर म्हननार, हे कसं झालं? काच सापडंल. मग चाळीस जनांची कार्डं उघडतील. आमी कुठं जायाचं? माजी धाकटी पोर अजून साळंत हाय." त्याने हात जोडले. "मी तुला जाऊ नगंस म्हनत न्हाई. फकस्त सांगून ठिवतोय."

हात जोडलेला मारुतराव चिमाजीने कधी पाहिला नव्हता. त्याला त्याचा राग आला, भयंकर राग आला. माझेच कान का? माझ्या सात पिढ्यांचा संबळ का? ते गेल्यावर त्याने गोजाबाईवर ओरडून घेतलं, पाण्याची घागर लाथेने पाडली आणि मग त्याच ओल्यात बसून लहान मुलासारखा रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सकाळी दवाखान्यात तो कपाटासमोर पाठमोरा उभा राहिला. नंदकिशोर साहेब बाहेर बाकावर बसले होते. आज काही करायचं नव्हतं. फक्त डोळे मिटायचे. डोळे मिटले की प्रश्न कधी आला ते कळणार नाही, उत्तर येणार नाही, आणि डॉक्टर जे खरं आहे तेच लिहील. त्याने एकदा डोळे मिटले. आत मिट्ट अंधार आणि शांतता होती. त्या शांततेत त्याला मारुतरावाचे जोडलेले हात दिसले.

त्याने डोळे उघडले. काचेत ओठ हलले.

"चिमाजी गणपत गोंधळी."

ओठ हलले.

"परांडा."

तिकीट नंबर. मुलं तीन. डॉक्टरने कार्डावर तेच दोन शब्द लिहिले आणि शिक्का मारला.

बाहेर नंदकिशोर साहेबांनी कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू बंद होत गेलेला चिमाजीला दिसला. ते काय विचारत होते हे कळायला कानांची गरज नव्हती.

"म्हणजे माझ्या दारात येऊन तू खोटं बोललास? त्या दिवशी तू प्यायला होतास?"

"व्हय साहेब," चिमाजी म्हणाला. "चूक झाली."

साहेबांनी कार्ड त्याच्या हातात दिलं आणि ते निघून गेले. दुपारच्या शिफ्टचा भोंगा झाला होता. चिमाजीने हातमोजे चढवले, भट्टीतला लाल तुकडा सांडशीत धरला आणि तो हॅमरखाली ठेवला. पलीकडून मारुतरावाने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. मग घाव पडला. तेवढा मात्र चिमाजीला स्वच्छ ऐकू आला.