गौराकाकीची घुटी

कडावात गौराबाईला लहानथोर सगळेच काकी म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पण गावातलं एकही तान्हं असं नसेल, ज्यानं तिचं बोट चाटलं नाही. पोट फुगलंय, दूध ओकतंय, दात येताहेत, असं सांगत बाया सकाळी तिच्या ओट्यावर यायच्या. काकी सहाणेवर वेखंडाचे दोन वेढे उगाळायची, मुरुडशेंगेचा एक, जायफळाचा अर्धा. मूल बोटाला चिकटून चाटायला लागलं की तिचा चेहरा असा खुलायचा, जणू घुटी तिलाच मिळालीय.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मात्र घुटीत आणखी एक वस्तू पडे. अफू. बाया दिवसभर चिखलात वाकून रोपं लावणार, तान्ही बांधावर झोळीत. ती गाढ झोपली तरच हात चालणार. म्हणून काकी कर्जतच्या सरकारी ठेक्यावरून अफू आणून ठेवी आणि तिळाएवढी घुटीत उगाळी. तिच्या सासूनं तेच केलं होतं, सासूच्या सासूनंही. त्यात काही वावगं असेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

अठराशे सत्त्याऐंशीच्या आषाढात सुंदराची शकू पाच महिन्यांची होती. एके दिवशी सकाळी काकीनं तिला घुटी चाटवली होती. दुपारी सुंदरा पाजायला बांधावर गेली, तर पोर उठेना.

"काकी गं! धाव! शकू कशी करते बघ!"

काकी शेजारच्याच खाचरात होती. चिखलाच्या हातांनीच तिनं पोरीची पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढी झालेली. ओठ निळसर. एक श्वास यायचा, मग बराच वेळ काहीच नाही.

"ही झोपली नाय गं. हिला अफू चढलीय."

सुंदराचा नवरा चांगो धावत आला. "काकी, गाडी जुंपू?"

"चाकं रुततील. उचल पोरीला, कर्जतच्या दवाखान्यात नेऊ. चाल लवकर."

चांगो पुढे, काकी त्याच्या खांद्याला खांदा लावून, मागे सुंदरा आणि तिची सासू इंदूबाई. वाटभर काकी पोरीच्या तळपायांना टिचक्या मारत होती, ओल्या पदरानं तोंड पुसत होती. "शके, ए शके, श्वास घे गं बाय!" श्वास अडला की ती चांगोला थांबवी आणि नुकत्या जन्मलेल्या मुलाला घालतात तशी तोंडात हलकी फुंकर घाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मुलीला टेबलावर घेतलं आणि विचारलं, "काय दिलंय हिला? किती? कधी?"

सुंदरानं काकीकडे पाहिलं आणि नजर वळवली. घुटी दिली एवढंच सांगून भागलं असतं. काकी पुढे झाली.

"अफू दिलीय. मीच दिली. तिळाएवढी, सकाळच्याला."

"आणखी काही?"

तेव्हा इंदूबाई भिंतीला टेकून रडायला लागली. "मी पन दिली. पोर किरकिर करत व्हती. बाजारात फिरस्त्याकडनं बाळगोळी घेतली व्हती, ती अख्खी चारली. तो म्हनला, नुसती जडीबुटी हाय." तिनं कनवटीची उरलेली गोळी काढून दिली. डॉक्टरांनी ती फोडून हुंगली. तिच्यातही अफूच होती.

आता नेमकं काय झालंय ते कळलं होतं. डॉक्टर मुलीचे हात वर-खाली करत तिचा श्वास चालू ठेवत राहिले. दमले की काकीला दाखवून तिच्याकडून करवून घेत. ऊन कलता कलता शकूनं तोंड वाकडं केलं आणि जोरात रडली, तशी सुंदरानं तिला उचलून पदराखाली घेतलं.

निघताना काकीनं हात जोडले. "डाक्टरसाहेब, तान्ह्याला किती चालती ते सांगा. मी तेवढीच देईन."

"अजिबात चालत नाही, बाई. तुमचा आजचा तीळ लहान, उद्याचा मोठा. घरात आणखी कुणी काय चारलं, तेही तुम्हाला ठाऊक नाही. पण तुम्ही लपवलं नाहीत, त्याचा मला फार उपयोग झाला."

घरी येताच काकीनं उरलेली अफू चुलीत टाकली. सकाळी बाया आल्या, तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "आजपासून अफू नाय."

"मंग पोरं रडतील. आवनी कशी व्हायची?" एकजण म्हणाली. दुसरी पुटपुटली, "पोटचं पोर नाय, तिला काय कळतंय आमचं?"

ते काकीला लागलं. ती बायांबरोबर शेतावर निघाली, बांधावरच्या ऐनाच्या झाडाखाली थांबली आणि फांद्यांना झोळ्या बांधायला लागली. "आना तुमची पोरं. मी बसते हितं."

त्या वर्षी तिनं आवणीचं काम सोडलं. एक रडलं की सगळी रडत. "अरं मेल्यांनो, एकेकानं रडा रं!" असं ओरडत काकी या झोळीकडून त्या झोळीकडे पळे. सुगीत बायांनी आपणहून तिच्या घरी भात आणून टाकलं.

घुटी तिनं सोडली नाही, पण घरी न्यायला कुणाला दिली नाही. आधी विचारी, घरात कुणी काय चाटवलंय? आई अडखळली, तर सासू येऊन सांगेपर्यंत सहाण खाली ठेवी. बाजारात तो फिरस्ता दिसला, तेव्हा तिनं चारचौघांत विचारलं, "तुज्या पोराला देतोस का रं ही गोळी?" त्यानं आपलं गाठोडं आवरलं. तो पुन्हा कडावात बसला नाही.

इंदूबाई मात्र खचली होती. नातीला हात लावायलाही भ्यायची. पुढल्या आषाढात काकी तिच्या दारात गेली. "चल, बस माज्याबरूबर. झोका तर देशील?" इंदूबाई आली, ती दर आवणीला येतच राहिली. दोघी ऐनाखाली बसून दिवसभर भांडत. कुठलं पोर भुकेलंय आणि कुठलं नुसतं नाटक करतंय, यावर त्यांचं एकमत कधी झालं नाही.