रफीकने न सांगितलेला निबंध

माझ्या गोष्टी वसमतपासून औंढ्यापर्यंत लोकांना पाठ आहेत. बारसं असो, लग्न असो, कॉलेजचं शिबिर असो, माईक दिसला की मी उभा राहतोच. पण एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. म्हणजे सांगितली आहे, शंभर वेळा — पण अर्धीच. उरलेली अर्धी आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही.

सांगितलेली अर्धी अशी. शिबिरातली पोरं विचारतात, सर, लोकांसाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू? मी म्हणतो, संस्था लागत नाही, ओळख लागत नाही. मी एका पेपरापासून सुरुवात केली. दिसत नसलेल्या एका मुलाचा लेखनिक झालो. तो बोलणार, आपण लिहायचं. हात आपला, डोकं त्याचं! हे वाक्य माझं फार लाडकं आहे. टाळ्या ठरलेल्या.

आता उरलेलं.

मी अकरावीला होतो, रफीक बारावीला. लेखनिक एक इयत्ता खालचा लागायचा. रफीकच्या वडिलांचं जवळा बाजार या गावी बांगड्यांचं दुकान. रफीकला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि त्याच्या तोंडी लागायची कोणाची हिंमत नव्हती. सरांच्या नकला करायच्या त्यानेच, पोरांत भांडणं लावायची त्यानेच, मिटवायचीही त्यानेच. त्याला कोणी कधी बिचारा म्हटलं नाही. म्हणायला जागाच कुठे ठेवली होती त्याने?

पूर्वपरीक्षेला मराठीच्या पेपरात निबंध आला — माझ्या गावचा बाजार. आम्हा दोघांना वेगळ्या खोलीत बसवलेलं, दाराशी शिपाई पेंगतोय. रफीक सांगू लागला. त्याची आत्या बाजारात शिरली की भाजीवाले एकमेकांना कसे खुणावतात. वांग्यांच्या भावावरून तिने एका बागवानाला कसं रडकुंडीला आणलं आणि शेवटी त्याच्याच टोपलीवर बसून त्याच्याच पैशाने चहा कसा प्याली. दुकानात आलेली बाई बांगड्या घेणार की नुसत्या वाजवून जाणार, हे तिच्या श्वासावरून कसं कळतं. छान होतं. मी लिहिता लिहिता हसलो. पण मला वाटलं — खरं सांगू का? — मला वाटलं, यात आहे काय? अंध मुलाचा निबंध, आणि त्यात अंधारच नाही!

स्नेहसंमेलनात रडायच्या भूमिका मी करायचो. त्या निबंधातही मीच शिरलो. रफीक आत्याबद्दल बोलत होता आणि माझं पेन लिहीत होतं — 'माझ्यासाठी बाजार म्हणजे न संपणारी रात्र. लोक रंग विकत घेतात, मी रिकाम्या डोळ्यांनी उभा असतो. देवा, एकदा तरी आईचा चेहरा बघू दे.' असलं दीड पान. मदत करतोय असंच वाटत होतं मला. मार्क वाढणार नव्हते का त्याचे?

मग तो म्हणाला, वाचून दाखव.

आणि मी वाचलं. कागदावर बोट फिरवत, त्याचंच बोलणं त्याला आठवणीतून परत ऐकवलं. आत्या, बागवान, चहा, सगळं. मध्ये पानही उलटलं — आवाज येईल असं. 'बराबर,' म्हणाला तो. खूश होता. इतकं सफाईदार काम मी रंगमंचावरही कधी केलेलं नाही.

निरोप समारंभात मराठीच्या सरांनी तो निबंध सगळ्यांसमोर वाचला. रफीक पहिल्या रांगेत. स्वतःचं नाव ऐकून त्याने मान ताठ केली. आता आत्या येईल आणि लोक हसतील म्हणून ओठ आधीच तयार. आत्या आली नाही. कार्यक्रमाला आलेल्या आयांनी डोळ्यांना पदर लावले. सरांचा आवाज भरून आला. आणि मागच्या रांगेत मी — लाज वाटली म्हणू? नाही. मजा आली. माझं लिखाण पहिल्यांदा एवढं गाजत होतं.

कार्यक्रम संपल्यावर रफीक सरांकडे गेला. हे माझं न्हाई, मी असं बोललोच न्हाई, म्हणाला. सरांनी मला बोलावलं. तेव्हा खरं बोललो असतो तर एक पोरकट आगाऊपणा म्हणून भागलं असतं.

"त्याने सांगितलं तेच लिहिलं, सर," मी म्हणालो. "वाचूनही दाखवलं होतं."

सरांनी रफीकच्या पाठीवर हात ठेवला. मनातलं बाहेर आलं की माणूस लाजतो, त्यात कमीपणा नाही, असं काहीतरी म्हणाले. रफीक पुन्हा बोलायला गेला, तर कोणी त्याला खुर्ची दिली, कोणी पाणी दिलं. ऐकलं कोणीच नाही.

गेटपाशी त्याने मला गाठलं.

"काहून केलं रे असं?"

मी म्हणालो, मार्क तर सगळ्यात जास्त पडले ना तुला.

"मार्क तुझे हायेत. माझ्या आत्याला तू बाजारातून हाकलून दिलं, अन् तिच्या जागी मला भीक मागायला बसवलं."

बोर्डाच्या परीक्षेला त्याने दुसरी लेखनिक घेतली. हट्टा गावची प्रज्ञा, फार सावकाश लिहायची. पेपर अपुरे राहायचे म्हणे, तरी त्याने तिलाच ठेवलं. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. ज्या पायऱ्या तो उड्या मारत उतरायचा, त्या पोरं आता त्याचा हात धरून उतरवायची. त्याने नक्कल केली तर हसावं की नाही, असं एकमेकांकडे बघायची. बिचारा, म्हणायची. तो शब्द त्याच्या आयुष्यात मी आणला.

आज वडिलांचं दुकान रफीक चालवतो. मी जवळा बाजारला जायचं टाळतो. बायकोला गर्दीचं कारण सांगतो.

परवा शिबिरानंतर एक मुलगी थांबली. पुढच्या आठवड्यात ती पहिल्यांदाच लेखनिक म्हणून बसणार होती. समोरच्याची भाषा साधी असली तर थोडी सजवून लिहू का, मदतच होईल ना त्याला, असं विचारत होती.

मी म्हणालो, नाही. एक शब्द बदलायचा नाही.

"काहून, सर?"

बाकीची पोरं माझ्या पुढच्या गोष्टीसाठी घोळका करून उभी होती. रफीकचं नाव तोंडाशी आलं होतं.

"नियम आहे," मी म्हणालो, आणि पुढची गोष्ट सुरू केली.