बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या

बरणीतल्या नमुन्याची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची असते. स्पिरिटमध्ये बॉलपेनची शाई विरघळते, शिसं टिकतं. आमच्या कॉलेजच्या म्युझियममध्ये काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगत आलो. सांगणाऱ्यानं स्वतः काय केलं, ते यंदापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी सोलापूरच्या आसपासच्या गावांत साप-विंचवांचे नमुने घेऊन हिंडायचो. मारू नका, मेलेलं सापडलं तर आणून द्या, बरणीवर तुमच्या गावाचं नाव लिहीन, असं सांगायचो. कुंभारीच्या पुढच्या एका वस्तीवरची मेंढरं राखणारी बाई एकदा पिशवीत मेलेली पाल घेऊन आली. वस्तीच्या माळावर दगडाखाली सापडलेली. त्याच आठवड्यात मुलांनी सहलीहून दुसरी पाल आणली, पार दुसऱ्या जिल्ह्यातली. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. पेन्सिल सापडेना, म्हणून खिशातल्या बॉलपेननं चिठ्ठ्या लिहिल्या. नोंदवही नंतर भरू म्हटलं.

वर्षभरानं तपासणी समिती येणार म्हणून कपाट उघडलं, तर बरण्यांत कोरे कागद. स्पिरिटसाठी, कपाटाच्या फुटक्या काचेसाठी अर्ज करून करून मी विटलो होतो. प्राचार्यांना मात्र उद्या सगळं चकाचक हवं होतं. "लेबलं दिसली पाहिजेत सर. बाकी कोण बघतंय?" मी अंदाजानं नव्या चिठ्ठ्या टाकल्या. या वेळी पेन्सिलीनं, सुवाच्य अक्षरात. त्यांवरूनच नोंदवही भरली. समितीनं चहा घेतला आणि शेरा दिला, उत्तम.

यंदा एक संशोधक मुलगी आली. दोन दिवस बरण्या पाहून म्हणाली, "सर, यातली एक अगदी साधी आहे. पण ही कुंभारीकडची फार थोड्या ठिकाणी मिळते. ठिकाण नक्की ना?"

"नोंदवहीत आहे की," मी म्हणालो.

ती माळावरही हिंडून आली. पाल दिसली नाही, पण वस्तीला त्या दुर्मीळ पालीची बातमी कळली. माळ सपाट करून प्लॉट पाडायचं घाटत होतं, आणि वस्तीची मेंढरं चरतात ती तिथंच. प्लॉटवरच्या हरकतींची सरकारी सुनावणी होती, तिच्या आदल्या दिवशी ती बाई आली. केस पिकले होते.

"मास्तर, वळखलं का? पालवाली."

"या की, बसा."

"बसत न्हाय. ती पाल आमच्याच माळावरची, येवढं लिवून द्या. सायेब म्हनतोय कागद आना. माज्या तोंडाला कोन इचारतंय?"

लेटरहेड पुढ्यात ओढलं. एक ओळ लिहायची होती. कदाचित माळ वाचला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं. पण त्याच ओळीवर ती मुलगी आपलं सगळं काम उभं करणार होती. पेन टेकवेना. मग बाईला सगळं सांगितलं. बॉलपेन, समिती, अंदाज.

"म्हंजे मी आनलीच न्हाय म्हनता?"

"आणली. पण या दोन्हींतली कुठली, ते मला माहीत नाही."

"मग दावा. मी वळखते की. पाटीवर पिवळं पट्टं हुतं."

दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या. स्पिरिटनं रंग केव्हाच ओढून घेतला होता. दोघीही उकडलेल्या बटाट्यासारख्या. बाईनं एकेक बरणी उजेडाकडं धरली, फिरवली, पुन्हा पहिली उचलली. मग दोन्ही खाली ठेवल्या.

"तुमाला दिली म्हनून नीट ऱ्हाईल वाटलं हुतं," ती म्हणाली.

मी लिहिलं, की या बाईंनी माळावरची पाल आणून दिली होती. ती यातली कोणती, हे माझ्या चुकीमुळे सांगता येत नाही. खाली सही केली आणि वाचून दाखवलं.

"ह्येचा काय उपेग?"

"फारसा नाही."

"मग देताय कशाला?"

मी सहीखाली तारीख घालून कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत टाकली आणि गेली. मी संशोधक मुलीचा नंबर शोधायला घेतला.