यंत्राच्या तोंडावरचं फडकं

मावशींचा दिवस पहाटे चारला सुरू होई. आधी स्वतःचं घर झाडायचं, मग पगाराचं. कोळशाच्या शहरात घर दोनदा झाडावं लागतं. एकदा धूळ काढायला, आणि झाडताना उडालेली खाली बसली की पुन्हा. हिवाळ्यात तिसऱ्यांदा, कारण वारा पडलेला असतो आणि धूर वर जायचं नावच घेत नाही.

सहाला त्या पालिकेच्या कचेरीत हजर. सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्या वर्षी गच्ची त्यांच्याकडे आली. बासष्ट पायऱ्या, हातात भरलेली बादली. पाणी सांडलं तर ती खेप त्या मोजत नसत.

गच्चीवर हवेतली धूळ मोजायचं यंत्र होतं. लोखंडी पेटी आणि वर धुरांड्यासारखं उघडं तोंड. हेडक्लार्कने त्याची ओळख एवढीच करून दिली, की महागाचं आहे, जिवापाड जपा. ते काय करतं हे सांगितलं नाही. बहुधा त्यालाही धड ठाऊक नसावं.

मावशींनी जपलं. समोरच्या यार्डात दिवसभर कोळशाच्या वॅगनी भरत. एवढ्या महागाच्या वस्तूच्या तोंडात काळी भुकटी जाताना त्यांना बघवेना. जुन्या चादरीचं फडकं त्यांनी दुहेरी केलं, ओलं केलं आणि तोंडावर बांधलं. रोज सोडायचं, धुवायचं, पिळून पुन्हा आवळायचं. पाणी शाईसारखं निघे. एक दिवस चुकला नाही.

चौकातल्या फलकावर हवेचा आकडा लागायचा. दर हिवाळ्यात तो लाल असे. त्या वर्षी हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. मोठ्या साहेबांना बक्षीस जाहीर झालं. सत्काराच्या भाषणात ते खोकत खोकत म्हणाले, की स्वच्छ हवा हे सर्वांच्या कष्टाचं फळ आहे. मावशींनी मागे उभ्या राहून टाळ्या वाजवल्या.

घरी मात्र रंग वेगळा होता. नवरा यार्डात कोळसा भरायला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. नियम असा, की फलक सलग तीन दिवस लाल राहिला तर पन्नाशीपुढच्या कामगारांना पगारी रजा. दर हिवाळ्यात त्याला पंधरा-वीस दिवस मिळत आणि त्यावर त्याची छाती पुढचं वर्ष ढकले. यंदा एकही नाही. घराच्या आठ पायऱ्या चढताना तो दोनदा थांबू लागला. रजा टाकली नाही तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरने सांगून टाकलं. रजा मागितली तर मुकादमाने हिरव्या फलकाकडे बोट दाखवलं.

"हवा सुधारली गं," नवरा धापा टाकत म्हणाला. "फक्त माझ्या छातीला कळवायचं राहून गेलंय."

मग एका सकाळी यंत्राचा तपासनीस आला. फडकं बघून जागच्या जागी थिजला. कोणी बांधलं म्हणून विचारलं.

"मी," मावशी म्हणाल्या. "रोज धुते. बघा की, आत कण नाही."

"मावशी, अहो, याने धूळ खायचीच असते. खाल्लेली मोजतं ते. तुम्ही उपाशी मारलंत त्याला."

जास्त समजवावं लागलं नाही. नवऱ्याची रजा त्या रोज सकाळी स्वतःच्या हाताने धुऊन मोरीत सोडत होत्या.

तेवढ्यात हेडक्लार्क वर आला. त्याने तपासनिसाला चहाला पाठवलं आणि आवाज खाली आणला. अहवाल वर गेलाय, बक्षीस घ्यायचं बाकी आहे, फडकं उन्हाळ्यात सावकाश काढू.

"उन्हाळ्यापर्यंत माझा माणूस टिकायला हवा ना, साहेब."

"आणि नोकरी टिकायला नको?"

ओली गाठ घट्ट बसली होती, ती मावशींनी दातांनी सोडवली. फडकं बादलीत टाकलं आणि बादली घेऊन खाली उतरल्या.

तिसऱ्या संध्याकाळी रजा लागली. फलक लालभडक होता. हवा एकाएकी का बिघडली हे शोधायला समिती बसली आणि वाऱ्याची दिशा बदलली असं तिने लिहून दिलं. नवऱ्याला एकोणीस दिवस मिळाले. पहिले तीन तो नुसता झोपला.

मावशींची बदली रस्त्यावर पाणी मारणारे टँकर धुवायला झाली. काम दुप्पट. पण तिथल्या नळाला धार चांगली होती, हे त्यांनी मान्य केलं.

छाती सावरली, तरी पुन्हा यार्डात जाण्याजोगी झाली नाही. निवृत्तीची वाट न बघता नवऱ्याने काम सोडलं. मावशींच्या मनात आणखी एक खोली बांधायची होती. ती राहिली. टँकर धुऊन आलेल्या पगारावर नवरा दोन वर्षं घरी बसला. भाजी चिरायचा, जाडजाड, मध्येच थांबून श्वास घ्यायचा. मावशींना कामातलं असलं ओबडधोबडपण कुणाचंच खपत नसे. त्याचं खपवून घेत. पगार दोघांच्या पोटापाण्यातच संपला.