बाबांनी थांबवलेली ॲल्डरकोटची गाडी

लंडनच्या हॅरोत, आमच्या घरी, बाबांचा जीव रमेना, म्हणून ही ट्रिप ठरवली. आई गेल्यापासून ते नागपूरला एकटेच असतात. निदान व्हिसा आहे तोवर तरी त्यांनी आमच्याकडे राहावं, एवढीच माझी इच्छा. त्यांचं मात्र पहिल्या आठवड्यापासून ‘परत कधी?’ सुरू. बाबा विदर्भातल्या एका छोट्या नॅरोगेज लाइनवर स्टेशन मास्तर होते. ती लाइन बंद पडली. म्हटलं, इंग्लंडातली वाफेची गाडी दाखवली की माणूस खुलेल.

शनिवारी सकाळी कारने निघालो. एम-फोर्टी, मग ऑक्सफर्डवरून ए-फोर्टी, पुढे हेरफर्डशरच्या अरुंद रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स घ्यायची तयारी ठेवा. ॲल्डरकोट स्टेशनला पार्किंग फुकट आहे. दिवसभराचं एकच तिकीट, कितीही वेळा चढा-उतरा, सीनियर्सना सवलत. कॅफेत बेक्ड बटाटा बरा मिळतो. आम्ही धपाटे नेले होते.

ही लाइन सफरचंदं आणि दूध शहरात न्यायला बांधली. साठच्या दशकात देशभरातल्या अशा कितीतरी शाखा बंद झाल्या, त्यात हीही गेली. रूळ उखडले. पुढे गावकऱ्यांनी थोडा तुकडा विकत घेऊन पुन्हा रूळ टाकले. आता सगळं हौशी लोक चालवतात. हे मी उत्साहाने सांगत होते, आणि बाबा खिडकीबाहेर मेंढ्या बघत होते.

मधल्या एका हॉल्टवर उतरून आम्ही शेतातून चक्कर मारली. तिथे हात दाखवला तरच गाडी थांबते. परत आलो तेव्हा उलट दिशेची गाडी येत होती. आमची नव्हेच. पण बाबा ताठ उभे राहिले आणि त्यांनी हात आडवा धरला. आपल्याकडे स्टेशनातून गाडी पास होताना मास्तर ड्रायव्हरला ‘ऑल राइट’ देतो, तसा. इतक्या वर्षांची सवय!

गाडी करकचून थांबली.

गार्ड खाली उतरली. ही रिटायर झालेली डेंटिस्ट. “चढताय ना?”

बाबा ओशाळले. “सॉरी मॅडम. मी स्टेशन मास्तर होतो.”

“अरे वा! कुठलं स्टेशन?”

“बंद आहे. सगळ्या बाभळी माजल्यात.”

“आमच्याकडेही काटेच होते.”

“मग परमिशन कोणी दिली?”

“ती नंतर. आधी आम्ही दर शनिवारी फक्त झुडपं तोडायचो.”

तिने शिट्टी फुंकली, गाडी गेली. एम-फोर्टीवर ट्रॅफिक जाम होता, आणि बाबा पूर्ण वेळ बोलत होते. रूळ बदलणारा त्यांचा पॉइंट्समन, सिग्नलची केबिन, स्टेशनामागची विहीर. मी मनातल्या मनात पैज जिंकले होते.

घरी पोचल्यावर ते म्हणाले, “बेटा, माझं परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून दे.”

“बाबा, तुम्ही राहाल म्हणून तर तिथे नेलं!”

“माहीत आहे,” ते म्हणाले, आणि बॅग काढायला गेले.

ॲल्डरकोटला जरूर जा, मुलांना तर फारच आवडेल. मला विचाराल तर मी अजून रागावलेली आहे. परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे निम्मा मोकळा प्लॅटफॉर्म, शेजारी म्हातारा पॉइंट्समन, आणि बाबांचे तळहात काट्यांनी सोललेले. हे वय आहे का असले उद्योग करायचं, असं चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. पण इतके हसताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. एवढंच विचारलं, “बाबा, हातमोजे कुठल्या साइझचे पाठवू?”